शोधायचे कसे? बडोदे, पुणे आणि टोकियोची एक गोष्ट

यंदाच्या जुलैमधली गोष्ट. रात्री साडेदहाला मुलीचा फोन आला. ती जपानमध्येच, पण आमच्यापासून शिनकानसेनने अडीच तासांवर, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आवाज रडवेला होता. आशियाच्या इतिहासाच्या तासाला एक रिपोर्ट लिहायचा होता आणि तिने हौसेने विषय घेतला होता 'अठराव्या शतकातले महाराष्ट्रातले खेडे'. वाचायला काय घ्यावे हे तिने एका एआय चॅटबॉटला विचारले. त्याने पाच पुस्तकांची यादी दिली. तीच यादी तिने रिपोर्टच्या शेवटी जोडली. प्राध्यापकांनी रिपोर्ट परत पाठवला. पाचांतल्या दोन नावांना लाल खूण आणि शेजारी एकच प्रश्न : हे पुस्तक तुम्ही कुठे पाहिलेत?

ती दोन पुस्तके जगात कुठेच नव्हती. लेखकाचे नाव, प्रकाशक, साल, सगळे व्यवस्थित होते. फक्त पुस्तकच नव्हते.

"बाबा, तूच म्हणायचास ना, नेटवर सगळं मिळतं म्हणून?"

मंडळी, हा प्रश्न मला चांगलाच लागला. वीस-बावीस वर्षे मी याच क्षेत्रात पोट भरतो आहे. लोकांना 'सिस्टीम' बसवून देतो, आणि घरी मुलीला शोधायचे कसे हेच शिकवले नाही! विशेष म्हणजे मला स्वतःला ते कोणीतरी नीट शिकवले होते, आणि तेही जपानमध्येच.

२००१ च्या एप्रिलमध्ये मी इथे मास्टर्सला दाखल झालो. पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचा दीड तासाचा 'गायदान्सु', म्हणजे गाइडन्स होता. मी मनात म्हटले, संगणकाच्या विद्यार्थ्याला हे काय शिकवणार? ग्रंथपालबाईंनी पहिली वीस मिनिटे संगणकाला हातच लावू दिला नाही. एक कोरा कागद दिला. वर तुमचा प्रश्न एका पूर्ण वाक्यात लिहा. त्यातल्या मुख्य कल्पना वेगळ्या काढा. प्रत्येक कल्पनेखाली तिची दुसरी नावे लिहा, तिच्याहून मोठी कल्पना लिहा, तिच्याहून लहान लिहा. मग मशीनकडे जा. आणि काय शोधले, कुठे शोधले, कोणत्या तारखेला शोधले, तेही लिहून ठेवा; काहीच सापडले नाही तरी लिहा. तेव्हा मला तो जपानी काटेकोरपणाचा अतिरेक वाटला होता. आज वाटते, त्या कागदामागे शंभर वर्षांचा इतिहास होता, आणि त्यात आपल्या मराठी माणसांचाही वाटा आहे. तोच थोडक्यात सांगतो.

बडोद्याची कार्डे

सुरुवात बडोद्यापासून करू. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. पण शाळेत अक्षर शिकलेला मुलगा पुढे वाचणार काय? अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. तीन वर्षांत त्याने संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या, आणि ग्रंथपालांसाठी वर्गही सुरू झाला. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघू लागले. पुस्तके जमवणे पुरेसे नाही, ती वर्गवार लावली पाहिजेत, कार्डावर नोंदली पाहिजेत आणि हे काम शिकवावे लागते, हा विचार आपल्याकडे इतक्या लवकर आला होता.

याच बडोद्याच्या नोकरीत गोविंद सखाराम सरदेसाई होते. रियासतकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची पुढची कामगिरी या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

१ सप्टेंबर १९२३

आता टोकियो. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला १ सप्टेंबर ही तारीख ठाऊक असते, कारण त्या दिवशी शाळा-ऑफिसांत भूकंपाची कवायत असते. १९२३ च्या त्या दुपारी झालेल्या महाभूकंपानंतर आगी लागल्या आणि टोकियो इम्पीरियल विद्यापीठाचे ग्रंथालय जळून गेले. सुमारे साडेसात लाख पुस्तके गेली. त्यांत एक संग्रह असा होता की त्याच्याशी आपलेही नाते आहे. तो म्हणजे मॅक्समुल्लर यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती छापणारे आणि १८९८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जात पुढाकार घेणारे ते हेच मॅक्समुल्लर. १९०० मध्ये ते वारले. त्यांचा संग्रह मित्सुबिशी घराण्यातल्या इवासाकी हिसाया यांनी विकत घेऊन विद्यापीठाला दिला होता. ऑक्सफर्डहून एवढ्या लांब आणलेली ती पुस्तके एका दिवसात राख झाली.

पुढे अमेरिकेच्या रॉकफेलर यांनी चाळीस लाख येनांची देणगी दिली आणि १९२८ मध्ये नवी इमारत उभी राहिली. ती आजही होंगो भागात आहे. पण या प्रसंगाने एक गोष्ट कळते. पुस्तक जळले तरी 'असे पुस्तक होते' हे सांगणारी नोंद उरली, तर निदान त्याची दुसरी प्रत शोधता येते. नोंदच नसेल तर काय गेले हेही कळत नाही.

त्यानंतर वर्षभरात, म्हणजे १९२९ मध्ये, मोरी कियोशी या तेवीस वर्षांच्या तरुणाने जपानी ग्रंथालयांसाठी दशमान वर्गीकरण तयार केले. पाया अमेरिकेच्या ड्युईचा, पण मांडणी जपानला सोयीची. ड्युईच्या पद्धतीत भाषा ४ वर आणि साहित्य ८ वर, म्हणजे दोन टोकांना. मोरींनी भाषा ८ वर आणून साहित्याच्या ९ शेजारी बसवली. भारताचा इतिहास पुण्याच्या ग्रंथालयात ९५४ खाली मिळेल, तर इथल्या सिटी लायब्ररीत २२५ खाली. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा २२५ चे कपाट जरूर बघा. शोधायच्या कलेतला हा पहिला धडा आहे. एक पुस्तक सापडले की त्याचा क्रमांक घेऊन शेजारची पुस्तके पाहायची.

एकट्याने केलेली यादी

इकडे महाराष्ट्रात काय चालले होते? कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये डॉक्टरेट घेतलेले श्रीधर व्यंकटेश केतकर परत येऊन महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या मागे लागले होते. तेवीस खंडांच्या त्या कामात एक आख्खा खंड केवळ सूचीचा आहे. 'आख्खा खंड नुसती यादी?' असे कोणालाही वाटेल. पण सूची नसलेला ज्ञानकोश म्हणजे पाट्या नसलेले शहर. माहिती आत असते, पण पत्ता नसतो.

दुसरे नाव शंकर गणेश दाते यांचे. ते आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची विषयवार सूची त्यांनी केली. ती १९४३ मध्ये निघाली. १९३८ ते १९५० चा पुढचा भाग १९६१ मध्ये आला. आज एखाद्या संस्थेला असे काम करायचे तर समिती, निधी, सॉफ्टवेअर असा व्याप मांडावा लागेल. दात्यांच्या हातात कागद, पेन आणि चिकाटी होती. दीडशे वर्षांत मराठीत काय काय छापले गेले हे पाहायचे तर अभ्यासकाला आजही प्रथम दात्यांकडे जावे लागते. आणि एखादे जुने पुस्तक खरेच होते की नाही, अशी शंका आली तर तिथेही दातेच साक्षीला येतात. माझ्या मुलीच्या यादीला नेमकी अशीच साक्ष नव्हती.

मद्रासला एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये मांडले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांतला एक. दात्यांनी आपल्या आयुष्याची वर्षे घालून पुढच्या हजारो वाचकांचा वेळ वाचवला.

जपानला 'रेफरन्स' कसा आला

महायुद्धानंतर जपानमध्ये १९४८ साली राष्ट्रीय संसद ग्रंथालय स्थापन झाले. सत्य आपल्याला मुक्त करते, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या स्थापनेच्या कायद्यातच घातले आहे, आणि नागाताचोच्या इमारतीत ते कोरलेलेही आहे. युद्धाच्या काळात लोकांना खरी माहिती मिळत नव्हती. त्याची किंमत देशाने मोजली होती. म्हणून ग्रंथालयाकडे नुसते पुस्तकांचे कोठार म्हणून बघायचे नाही, असे तेव्हा ठरले.

१९५१ मध्ये केइओ विद्यापीठात ग्रंथपाल घडवणारी शाळा सुरू झाली. तिचे पहिले संचालक होते अमेरिकेहून आलेले रॉबर्ट गिटलर. पहिल्या वर्षीच्या शिक्षकांत फ्रान्सिस नील चेनी या बाई होत्या. त्यांचा विषय होता रेफरन्स, म्हणजे वाचक प्रश्न घेऊन आला की त्याला उत्तरापर्यंत पोहोचवायचे कसे. जपानी भाषेने हा शब्द 'रेफारेन्सु' असा जसाच्या तसा उचलला. माझ्या ग्रंथपालबाईंचा तो कोरा कागद याच परंपरेतला.

या परंपरेचे एक सुंदर फळ २००५ पासून इंटरनेटवर आहे. राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने देशभरातल्या ग्रंथालयांना बरोबर घेऊन रेफरन्सच्या प्रश्नोत्तरांचा एक सामाईक डेटाबेस उभा केला. त्यात वाचकाचा प्रश्न, ग्रंथपालाने दिलेले उत्तर, आणि त्या उत्तरापर्यंत तो कोणकोणती पुस्तके चाळत गेला, हे सगळे नोंदलेले असते. न सुटलेले प्रश्नसुद्धा तिथे ठेवतात. आपण कुठे हरलो हे चारचौघांत लिहून ठेवायचे, म्हणजे पुढचा माणूस त्याच गल्लीत पुन्हा शिरणार नाही. आयटीत आम्ही 'बग रिपोर्ट' लिहितो, तसेच हे.

बलुतेदारांचा माग काढणारा जपानी

आता सरदेसाईंकडे परत येऊ. बडोद्याच्या नोकरीतून १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून आणले. मोडी कागदांचे हजारो रुमाल. त्यांतून वेचलेले, विषयवार लावलेले हे भाग जगभरच्या ग्रंथालयांत गेले. त्याआधी १८९८ पासून राजवाड्यांचे साधनांचे खंड निघतच होते.

या साधनांचा फार चांगला उपयोग करणारा एक माणूस जपानी होता. हितोत्सुबाशी विद्यापीठाचे प्राध्यापक फुकाझावा हिरोशी (१९३१–१९८६). उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी 'जजमानी' ही चौकट रूढ केली होती. सुतार, न्हावी, कुंभार हे ठरावीक घरांशी पिढ्यान् पिढ्या बांधलेले असतात, अशी ती कल्पना. महाराष्ट्रातही तसेच होते का, हा फुकाझावांचा प्रश्न. १९७२ च्या आपल्या निबंधात त्यांनी मराठी कागदांच्या आधारे दाखवले, की आपले बलुतेदार एकेका घराचे नसून सबंध गावाचे सेवक होते. गावाने त्यांना वतन दिले होते आणि बलुते हा त्यांचा गावाकडचा हक्क होता. त्यांचे निबंध 'द मिडीव्हल डेक्कन' या नावाने १९९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आले. पुढे कोतानी हिरोयुकी यांनीही मराठी कागदांवर असेच मोलाचे काम केले.

शोधायच्या दृष्टीने यातले मर्म लक्षात घ्या. मराठी कागदांत कोणी 'जजमानी' शब्द शोधत बसला तर त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. तिथे शब्द आहेत बलुते, वतन, हक्क, मिरास. प्रश्न आपला असतो, पण शब्द त्या काळाच्या माणसांचा घ्यावा लागतो. ग्रंथपाल ज्याला 'दुसरी नावे लिहा' म्हणतात ते हेच.

वेबकॅटपासून एआयपर्यंत

जपानमधल्या विद्यापीठांची सामाईक सूची १९९७ मध्ये 'वेबकॅट' नावाने सर्वांना खुली झाली. माझे मास्टर्स तिच्यावरच झाले. २०१३ मध्ये ती बंद झाली आणि तिची जागा 'साइनी' ने घेतली. आज कोणते पुस्तक जपानच्या कोणत्या विद्यापीठात आहे हे तिथे घरबसल्या दिसते.

पण मराठी पुस्तक शोधायला बसलात तर गंमत होते. परदेशी ग्रंथालयांत मराठी नावे बहुधा रोमन लिपीत नोंदलेली असतात, आणि तीही पंडिती पद्धतीने. आपण 'ज्ञ' साठी डी-एन-वाय टंकतो, कारण आपला उच्चार 'द्न्य' आहे. सूचीत मात्र तिथे जे-एन असते. ज्ञानेश्वरांना अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'ज्ञानदेव' या नावाखाली ठेवले आहे. जपानीत तर 'ठ' नाहीच, मग मराठा कधी 'माराता' तर कधी शेवट लांबवून 'माराताऽ' होतो. मशीन 'सापडले नाही' म्हणते तेव्हा बऱ्याचदा पुस्तक जागेवरच असते. आपण हाक मारतो ते नाव त्याचे नसते.

आणि ती पुस्तके तिथे पोहोचली कशी? पीएल-४८० म्हटले की आपल्या आईवडिलांना रेशनवरचा अमेरिकन गहू आणि मिलो आठवतो. त्या धान्याच्या रुपयांतील काही रक्कम वापरून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतात भारतीय भाषांची पुस्तके विकत घेतली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली. त्यांत मराठीही होती. आपण त्यांचे धान्य खाल्ले, आणि त्यांच्या विद्यापीठांनी आपली पुस्तके जपली!

'माहिती साक्षरता' हा शब्द अमेरिकेत १९७४ मध्ये पॉल झुरकोव्स्की यांनी वापरला. २००० मध्ये तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने विद्यार्थ्यांसाठी तिचे निकष ठरवले. मार्सिया बेट्स या विदुषीने १९८९ मध्ये शोधाची तुलना रानात बेरी वेचण्याशी केली. आपण करवंदे म्हणू. एका जाळीत सगळी करवंदे नसतात. दोन इथे मिळतात, चार तिथे, आणि वेचता वेचता आपल्याला नेमके काय हवे होते तेही बदलत जाते. एआय मात्र भरलेली टोपली आणून समोर ठेवतो. तिच्यात काही करवंदे मातीची असली तरी रंग अगदी खरा.

नागाताचोचा शनिवार

रिपोर्ट पुन्हा द्यायला प्राध्यापकांनी दहा दिवस दिले होते. शनिवारी मुलगी घरी आली. तिला अठरा पूर्ण आहेत, म्हणून राष्ट्रीय संसद ग्रंथालयात प्रवेश मिळतो. आम्ही दोघे नागाताचोला गेलो. आधी तिथल्या कॅफेत बसून मी तिला कोरा कागद दिला. 'अठराव्या शतकातले खेडे' हे ती तीनदा खोडून शेवटी लिहिती झाली : 'पेशवाईत गावच्या सुताराला मजुरी कोण देत असे?' हा झाला प्रश्न. मग बलुते, वतन, कारागीर, गाव, दख्खन असे शब्द. मग इंग्रजी, मग जपानी.

चॅटबॉटच्या पाच पुस्तकांपैकी तीन सूचीत मिळाली. उरलेली दोन आम्ही चार स्पेलिंगे आणि तीन सूच्यांत शोधली. कुठेच नाहीत. तीही नोंद तिने तारखेसह केली. फुकाझावांचे पुस्तक मिळाले. त्यातल्या तळटीपा तिला सरदेसाईंच्या ४५ भागांकडे घेऊन गेल्या. अक्षरे देवनागरी, भाषा जुनी. दोन ओळी मी वाचल्या, तिसरी तिने अडखळत वाचली. आजीला व्हिडिओ कॉल लावून 'मिरास' म्हणजे काय ते विचारले. आजीने थेट आमच्या गावच्या सुताराचे नाव घेतले आणि सुगीत खळ्यावर त्याला धान्य कसे घालत, ते सांगितले. मुलगी तोंडाकडे बघत राहिली. ज्या गोष्टीसाठी ती मशीनला विचारत होती ती तिच्या आजीने डोळ्यांनी पाहिली होती.

रिपोर्ट दिला गेला. शेवटी तिने अर्धे पान जोडले : काय शोधले, कुठे, आणि काय सापडले नाही. प्राध्यापकांनी त्या अर्ध्या पानाखाली 'हे नीट केलेत' असे लिहिले. मार्क मध्यमच आले, ते सांगायला हवे. जपानी व्याकरणाच्या चुका होत्या.

एआय वापरू नका, असे मी तिला सांगितलेले नाही. मी स्वतः रोज वापरतो. एवढेच सांगितले, की त्याने दिलेले प्रत्येक नाव सूचीत बघायचे आणि पुस्तक हातात घेतल्याशिवाय ते यादीत घालायचे नाही.

जाता जाता मंडळाला एक विनंती. आपल्याकडे मराठी पुस्तकांच्या चार पेट्या आहेत. भारतात परत जाणारी कुटुंबे देऊन गेली त्या. कोणत्या पेटीत काय आहे, कोणालाच ठाऊक नाही. दिवाळीच्या सुटीत आपली कॉलेजमधली मुले आणि आपण दोन-चार पालक बसलो तर दोन दिवसांत यादी होईल. नाव, लेखक, साल, आणि रोमन लिपीत दोन्ही स्पेलिंगे. दात्यांनी दीडशे वर्षांची यादी एकट्याने केली. आपल्याला तर फक्त चार पेट्यांची करायची आहे. पहिल्या पेटीला माझी मुलगी आणि मी येतो.